क्षमा मिळाली, तरी मन सुटत नाही? या चुका टाळा

रविवारी चर्चच्या उपासनेत सगळ्यांबरोबर पापांगीकाराची, म्हणजे पापं कबूल करण्याची, प्रार्थना म्हणायची, क्षमेची वचनं ऐकायची, आमेन म्हणायचं आणि बाहेर चपला घालता घालता तेच जुनं ओझं पुन्हा डोक्यावर घ्यायचं. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशी माणसं पुष्कळ आहेत. मीही बरीच वर्षं त्यांच्यातलाच होतो. अशा माणसांचा विश्वास खोटा नसतो. गाडं अडतं ते बहुधा पुढच्यापैकी एखाद्या ठिकाणी.

पस्तावा म्हणजेच पश्चात्ताप असं समजणं

एकाच रात्री दोन शिष्यांनी येशूला अंतर दिलं. यहूदाने तीस नाण्यांसाठी त्याला धरून दिलं आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, २७ वा अध्याय सावकाश वाचा. यहूदा पस्तावला, आपण निर्दोष माणसाला धरून दिलं हे त्याने तोंडाने कबूल केलं आणि पैसेही परत केले. पेत्राने त्या रात्री यातलं काहीच केलं नाही, तो फक्त बाहेर जाऊन ढसढसा रडला.

मग फरक कुठे पडला? ज्यांनी पैसे मोजले होते, त्याच याजकांकडे यहूदा आपली कबुली घेऊन गेला. त्यांनी सांगितलं, तुझं तू पाहून घे. तिथून तो एकटाच निघाला आणि त्याने आपलं आयुष्य संपवलं. पेत्र लाज घेऊनही बाकीच्या शिष्यांत राहिला आणि येशू मेलेल्यांतून उठल्यावर तिबिर्याच्या समुद्रावर, म्हणजे गालीलच्या सरोवरावर, 'प्रभू आहे' असं ऐकताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला.

किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी, आणि भाकर. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. पहिला प्रमुख याजकाच्या अंगणातला, जिथे शेकत उभं राहून पेत्राने आपल्या गुरूला ओळखायचं नाकारलं, दुसरा हा. प्रभूने आधी जेवायला घातलं, मग तीन नकारांसमोर तीन प्रश्न ठेवले, आणि तिन्ही प्रश्न प्रीतीचे. त्या रात्रीचा शब्दही काढला नाही. प्रत्येक उत्तरामागोमाग मेंढरं मात्र सांभाळायला दिली.

म्हणून मनात आरोप उठला की एवढंच पाहा: हा आवाज मला प्रभूकडे नेतोय, की कोपऱ्यात एकटं बसवतोय? जगणंच नको वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर कुणाजवळ तरी लगेच बोला. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगा आणि डॉक्टरकडेही त्याच दिवशी जा. डॉक्टरकडे जाणं हा विश्वासाचा कमीपणा नाही.

आठवण पुसली जायलाच हवी असा हट्ट

मागच्या गोष्टी मागे टाकून मी पुढे धावतो, असं येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, फिलिप्पैकरांना, पत्रात लिहितो. पण तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना, मी पूर्वी निंदक व छळ करणारा होतो, असं स्पष्ट सांगतो. आठवण होती, तिची सत्ता गेली होती. आणि फिलिप्पैकरांच्या पत्राच्या त्या अध्यायात तो मागे टाकतो त्यात त्याचं कूळ, त्याचं परूशीपण (कडक धर्मनियम पाळणाऱ्या यहुदी पंथातलं असणं), नियमशास्त्रातली निर्दोषताही आहे. कधीकधी आपल्याला पाप टोचत नसतं, 'माझ्यासारख्याच्या हातून हे झालंच कसं' हा मान टोचत असतो. मला हे कळायला फार वेळ लागला.

मन हलकं होण्याची वाट पाहणं

१ योहान १:९ मध्ये, म्हणजे योहानाच्या पहिल्या पत्रात, क्षमेचा आधार देवाचं विश्वसनीय व न्यायी असणं आहे. आपल्याला बरं वाटणं हा नाही. तेच पाप रोज नव्याने कबूल करत असाल, तर आज कबुलीऐवजी आभार माना.

देवाशी मिटवलं, माणसाशी नाही

एका नातेवाइकाचे उसने घेतलेले पैसे मी बुडवले होते. दर शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मी त्यासाठी रडायचो आणि घरी येऊन तसाच राहायचो. लोकांचे पैसे लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला भेटला, पण तो रडल्याचं शुभवर्तमान लिहिणारा लूक कुठे सांगत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत देतो, एवढंच जक्कय बोलतो. शेवटी मी पैसे घेऊन त्यांच्या दारात गेलो, तेव्हा इतक्या वर्षांच्या प्रार्थनेतली अडलेली गाठ सुटली.

मात्र समोरच्याकडून क्षमा वसूल करायला जाऊ नका. चूक नेमक्या शब्दांत सांगा, 'पण तुम्हीसुद्धा' हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका, द्यायचं ते द्या आणि निघा. तुमच्या भेटीनेच त्या माणसाची जखम उघडी पडणार असेल, तर निरोप कुणाकरवी द्यावा हे आधी पाळकांशी बोलून ठरवा. माझ्या नातेवाइकांनी पैसे मोजून घेतले, आत या म्हणाले नाहीत. त्यांचं नाव आजही माझ्या सकाळच्या प्रार्थनेत असतं.