साबणाचं वेष्टन वाचायचं कसं

मी सांगलीत डबे करते. दिवसाला दीडशे पोळ्या. कणीक, भाजी, नळ, परत कणीक. वीस-पंचवीसदा तरी हात धुणं होतं. गेल्या थंडीत बोटांच्या पेरांना अशा चिरा पडल्या की कणकेतलं मीठसुद्धा झोंबायचं. ठेच्याच्या दिवशी तर रडूच यायचं. लोकांच्या पोटात जाणारं अन्न, म्हणून मी ‘जंतुनाशक’ लिहिलेलीच वडी आणायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारलं, “साबण कोणता? वेष्टन घेऊन या.”

सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं, तेव्हा कुठे त्यावरची अक्षरं लागली. तुम्हीही भिंग घ्या, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. घटकांत ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन (कधी नुसतं टीसीसी), क्लोरोझायलेनॉल, बेन्झाल्कोनियम क्लोराइड यांपैकी काय आहे ते बघा. पहिली दोन धरून 19 द्रव्यं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये घरगुती साबणांसाठी बंद केली. साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत, हे कंपन्यांना दाखवताच आलं नव्हतं. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत ट्रायक्लोसानने थायरॉइडच्या संप्रेरकांत फरक पडलेला दिसला होता, आणि जंतू अशा द्रव्यांना सरावतील ही धास्ती होतीच. उरलेल्या दोघांचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला. सर्दी-फ्लू तर विषाणूंचे, त्यांना जिवाणू मारणाऱ्या औषधाचं काय!

पण सगळं खापर त्या द्रव्यांवर फोडू नका. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साबणाची वडी अल्कधर्मी. वीसदा धुतल्यावर साधा साबणही तेल ओढून घेणारच. म्हणून वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचा आकडा शोधा. आपल्याकडे 76 टक्के किंवा त्याहून जास्त असलेला साबण पहिल्या प्रतीचा. ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर तो आकडा बराच कमी असू शकतो. मी बिनवासाची, 76 ची वडी आणली.

आता धुणं. अंगठी काढा, हात ओले करून फेस करा आणि मनात सावकाश वीस मोजा. मी आधी पाचाच्या पुढे जात नव्हते, आणि नखांत कणीक तशीच! अंगठा आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहतात. जंतू मरायची गरज नसते, फेसाबरोबर सुटून वाहून गेले की झालं. पाणी कढत नको. पुसताना खसाखसा घासू नका, नुसतं टिपा, आणि हात जरा दमट असतानाच खोबरेल लावा. भांडी घासताना रबरी हातमोजे. घरात जखमेचा किंवा ऑपरेशनचा पेशंट असेल आणि डॉक्टरांनीच जंतुनाशक सांगितलं असेल, तर मात्र ते वापरायचं.

माझ्या चिरा महिन्याभरात मिटल्या. जुन्या चार वड्या अजून फडताळात आहेत. फेकवत नाहीत, आणि कुणाला द्यायलाही मन धजत नाही.