सतरा अंकी संख्येशी झटापट: या चुका टाळा

पावसात दापोलीत लाईट गेली की शिकवणीची मुलं मोबाईल खिशात टाकून फळ्यासमोर येतात. परवा पडवीतल्या फळ्यावर मी लिहिलं, १२३४५६७८९८७६५४३२१, आणि म्हटलं, हिची कुंडली मांडा, म्हणजे अवयव आणि विभाजक शोधा. तासाभरात नेहमीच्या सगळ्या चुका हजर.

लाईट आल्याबरोबर एकानं संख्या स्प्रेडशीटमध्ये टाकली. "सर, हिला तर शंभरानं भाग जातो!" पडद्यावर होतं १२३४५६७८९८७६५४३००. स्प्रेडशीट पंधराच अंक धरते, पुढे शून्यं भरते. विषम संख्या बघता बघता सम झाली. त्यापेक्षा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा. फक्त भागताना एक तिरपी रेघ (/) नको, दोन (//) द्या, नाहीतर उत्तर दशांशात जातं आणि शेपूट पुन्हा गळतं.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण उत्तर बरोबर आलं. अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ नं भाग जातो, असं एकीनं सांगितलं. जातो खरा, पण त्या कारणानं नव्हे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ घ्या: बेरीज २७, पण २७ नं भागलं तर बाकी ९ उरते. खरं कारण असं की ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे. त्यात ९ हा अवयव आहे, वर्गात तो दोनदा येतो.

७, ११, १३ नं भाग जातो का हे बघायला तीन-तीन अंकांचे गट पाडून एकाआड एक वजा-अधिक करतात, कारण १००१ = ७ × ११ × १३. इथे आपली लाख-कोटीची सवय नडते. मुलं १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे स्वल्पविराम देतात आणि तेच गट धरतात. गट उजवीकडून तीन-तीनचेच हवेत: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. तिघांपैकी कुणानंच भाग जात नाही.

मग १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७. शेवटची संख्या मूळ आहे का? तेरापर्यंत भागून बघितलं आणि "मूळ" म्हणून मोकळे झाले! तिचं वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या १०६ मूळ संख्या तपासायला हव्यात. ती मूळ आहे, पण तेरापर्यंतच्या भरवशावर नाही.

विभाजक मोजताना घातांकांचा नुसता गुणाकार करू नका, प्रत्येकात १ मिळवून करा. आपल्या डहाणूत जन्मलेल्या गणितज्ञ कापरेकरांच्या नावानं ओळखली जाणारी ६१७४ म्हणजे २ × ३² × ७³, तिचे विभाजक २ × ३ × ४ = २४. आपली संख्या वर्ग असल्यानं तिचे घातांक दुप्पट, ४, २, २, म्हणून ५ × ३ × ३ = ४५.

"विभाजक जोडीनं येतात, मग त्यांची संख्या विषम कशी?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. जोडीदार न मिळालेला एकच आहे, १११११११११. तो स्वतःशीच गुणला जातो.