घाटात डिझेल गाडी तापते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, पुण्याजवळचा दिवे घाट. गाडीत आम्ही पाच जण, मागे सामान, एसी चालू. वडकी मागे पडली, चढ लागला आणि थोड्याच वेळात मधोमध असलेला तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मागच्या सीटवरून आईने विचारलं, "कसला गोडसर वास येतोय रे?" तो गरम कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा वास होता. त्या दिवशी जेजुरी गाठायला संध्याकाळ झाली. पुढचे दोन महिने मी गाडीचे भाग बदलत राहिलो: आधी थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की त्याला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), मग वॉटर पंप, मग रेडिएटरचं झाकण. दोष यापैकी कशातच नव्हता. हे पैसे आणि हा मनस्ताप तुमचा वाचावा म्हणून लिहितोय.

घाटातच का तापते?

"शहरात तर बरी चालते" असं सगळेच सांगतात. चालणारच. माणसांसह २ टन भरणारी गाडी सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने न्यायला जेमतेम ३ किलोवॅट ताकद पुरते. त्याच वेगाने १०० मीटरला ६ मीटरचा चढ चढायचा तर नुसतं वजन वर उचलायला आणखी १० किलोवॅट लागतात. म्हणजे इंजिनावरचा बोजा चौपटीहून जास्त. जितकी ताकद चाकांना मिळते, ढोबळमानाने तितकीच उष्णता कूलंटमध्ये उतरते. आणि समोरून येणारा वारा मात्र तेवढाच, ताशी ३० किलोमीटरचा. रेडिएटर निम्मा चोक असला तरी सपाटीवर भागून जातं, घाटात ते उघडं पडतं.

म्हणून पहिली चूक म्हणजे "गाडी तापते" एवढंच सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडून येणं. कधी तापते ते सांगा. सिग्नलला उभी असताना तापते आणि पळायला लागली की उतरते, तर संशय पंख्यावर. हायवेला ८०-९०च्या वेगात तापते, तर रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्यात का, किंवा रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारा खालचा होज पाइप जास्त आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आत ओढला जाऊन चपटा होतोय का, ते पाहायचं. सकाळी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा कूलंटच्या वाटेत हवा अडकलीय. आणि फक्त चढाला तापते, उताराला लागताच खाली येते, तर पाणी फिरतंय, उष्णता बाहेर पडत नाहीये. माझी गाडी या शेवटच्या प्रकारातली होती आणि मी मात्र पाणी फिरवणारे भाग बदलत बसलो होतो.

काट्यावर विसंबू नका

बऱ्याच गाड्यांचा काटा खरं तापमान दाखवतच नाही. साधारण ७५ पासून शंभरीच्या आसपासपर्यंत तो मधोमध स्थिर राहील अशीच त्याची रचना असते. काटा हलला तेव्हा उशीर झालेला असतो. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले आकडे तिथे मिळतात) लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र घ्या आणि कूलंटचं तापमान मोबाइलवर आकड्यात बघा. गाडी इतकी जुनी असेल की तिला सॉकेटच नाही, तर दुरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. वरच्या होजपाशी मोजा, खालच्या होजपाशी मोजा, मग रेडिएटरच्या जाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंडगार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. गार पडणाऱ्या रेडिएटरला लोक चांगला रेडिएटर समजतात. गाडी तापलेली असताना तो गार लागतोय, याचा अर्थ त्याच्यातून पाणी जातच नाहीये.

आकडे लिहून ठेवा. माझ्या वहीत पहिली नोंद आहे: दिवे घाट, दुपारी २, एसी चालू, १०९ अंश आणि चढता.

दोन जाळ्यांच्या मधली गोधडी

समोरून टॉर्च मारून "रेडिएटर साफ आहे" म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. समोर दिसतो तो कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी. रेडिएटर त्याच्या मागे असतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर फट असते. माझ्या गाडीत ती फट कोणी कधी उघडलीच नव्हती. एका मिस्त्रींनी वरची पट्टी काढली, चार बोल्ट सैल केले आणि कंडेन्सर पुढे झुकवला. रेडिएटरच्या तोंडावर राखाडी नमद्यासारखा थर होता. धूळ, वाळलेलं गवत, रस्त्यावर मळणी चालू असताना उडालेला भुसा, किड्यांचे पंख, सगळं पावसाळ्यात भिजून एकजीव झालेलं. त्यांनी बोटाने टोक धरून ओढलं तर तळहाताएवढा तुकडा गोधडीसारखा सुटून हातात आला. खालच्या एक तृतीयांश भागातून उजेडच आरपार येत नव्हता.

साफ करतानाही चूक होते. वॉशिंग सेंटरचा जेट समोरून मारला तर कचरा आणखी आत बसतो आणि पातळ पत्रे मुडपतात. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने, बागेच्या पाइपच्या साध्या दाबाने सोडायचं. आधी साबणाचं पाणी फवारून अर्धा तास मुरू द्यावं. बंपरवर लावलेले जाडजूड गार्ड आणि ग्रिलसमोरचे जादा दिवे वारा अडवतात, तेही उतरवा.

पंखा फिरतोय म्हणजे चांगलाच आहे?

नाही. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेल्या जुन्या जीपवर्गातल्या गाड्यांत पंखा बेल्टवर असतो आणि त्याच्या मधोमध फॅन क्लच असतो. आतलं सिलिकॉन तेल गरम झालं की तो पंख्याला घट्ट पकडतो, थंड असताना सैल सोडतो. तेल गळून गेलं तर पंखा फिरताना दिसतो, पण नुसता वाऱ्यावर फिरल्यासारखा. तपासायला सोपं आहे. गाडी चढावरून तापवून आणा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवून पाहा. जड लागला पाहिजे. दोन-तीन गिरक्या घेतल्या तर क्लच गेलाय. मधल्या भागावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तरी तेच समजा. चांगल्या क्लचची गाडी घाटात गरम झाली की पंखा ट्रकसारखा घोंघावतो. तो आवाज ऐकून घाबरू नका, तो यायलाच हवा.

इलेक्ट्रिक पंखा असेल तर हात घालू नका, तो गाडी बंद असतानाही अचानक सुरू होतो. एसी लावा आणि पंखा लागतोय का ते पाहा. कित्येकदा हळू वेग चालतो आणि जोराचा वेग रिले (पंख्याचा विजेवर चालणारा स्विच) किंवा वायरिंगमुळे गेलेला असतो. सिंहगडाच्या रस्त्यावर रविवारी पहिल्या गिअरमध्ये रांग सरकते तेव्हा तोच जोराचा वेग लागतो.

"व्हॉल्व्ह काढून टाकू"

एका गॅरेजमध्ये मला सांगितलं, "साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकू. आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?" हे पटणारं वाटतं, म्हणूनच धोक्याचं आहे. अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. सपाटीवर मात्र ती थंडच राहते, डिझेल जास्त खाते, सिलिंडरची झीज वाढते. तपासायचा असेल तर पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून गरम करा. त्यावर छापलेल्या तापमानाला, बहुतेक ८२ ते ८८ अंशांदरम्यान, तो उघडायला लागतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. बिघडला असेल तर त्याच तापमानाचा नवा बसवा. पुण्याच्या नाना पेठेत भाग घेताना जुना नमुना सोबत न्या.

नुसतं पाणी आणि ढिलं झाकण

पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, सिंहगडाच्या माथ्यावर, सुमारे १३०० मीटरवर, ९६ च्याही खाली. झाकण साधारण १ बारचा दाब धरतं म्हणून उकळायची वेळ वीसेक अंशांनी पुढे ढकलली जाते. रबर कडक झालेलं, स्प्रिंग मेलेलं झाकण हा दाब सोडून देतं आणि इंजिनात काही दोष नसताना गाडी उकळते. नवं झाकण स्वस्त आहे, फक्त जुन्यावर छापलेलाच दाब बघून घ्या.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालू नका. त्यातला क्षार भांड्यात बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं ठेवा. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात आणखी पाणी नको. हिरवं आणि लाल कूलंट एकमेकांत मिसळू नका, नुसता रंग पाहूनही घेऊ नका, कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या. भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं नाक जरा चढावर उभं करून हवा काढा. सांडलेलं कूलंट लगेच धुवा. ते गोड लागतं, विषारी असतं आणि गल्लीतली कुत्री चाटतात.

घाटात उकळली तर

चौथ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर गाडी रेटणं ही चढावरची नेहमीची चूक. पंप आणि बेल्टवरचा पंखा इंजिनाबरोबर फिरतात, म्हणजे इंजिन मंद तर तेही मंद. गिअर उतरवा, २००० ते २५०० मध्ये ठेवा. तापमान वाढतंय दिसलं की एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे.

थांबायचं ठरलं तर वळणावर थांबू नका. वाफ किंवा गळती नसेल तर लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये १२००-१५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं चालू द्या, पाणी फिरत राहतं आणि टर्बोही निवतो. वाफ उसळत असेल, कूलंट रस्त्यावर सांडत असेल किंवा सोबत बॅटरीचा लाल दिवा लागला असेल (बेल्ट तुटल्याची ती खूण असते) तर मात्र त्याच क्षणी बंद करा. झाकणाला निदान अर्धा तास हात नको. उडालेल्या वाफेने चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड (इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग) तडकतं. चाकामागे दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री तोच दगड एखाद्या दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो.

हे सगळं करूनही आकडा चढतच राहिला तर

फट साफ केल्यावर मी पुन्हा दिवे घाटातच गेलो. तीच वेळ, तेवढीच माणसं, एसी चालू. आकडा ९७ ला जाऊन थांबला, माथा येईपर्यंत तिथेच राहिला.

तुमचा थांबत नसेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्या मधल्या सीलकडे वळा. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो का? झाकण थंडपणी उघडून सुरू केल्यावर बुडबुडे येतच राहतात का? जमिनीवर थेंब नाही आणि कूलंट मात्र कमी होतंय का? शेवटची खूण ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) फुटल्याचीही असते, म्हणून हेड उतरवायला परवानगी देण्याआधी निळ्या द्रवाची गॅस चाचणी करून घ्या. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव तुमच्यासमोर रंग बदलतो. आणि हेड उतरलंच तर नवी गॅस्केट बसवण्याआधी त्याचा सपाटपणा पट्टी लावून मोजला की नाही, ते समोर उभं राहून बघा.