गुहागर ते रत्नागिरी सायकलवर: घाट नाही पण चढ संपत नाहीत, असा दिवस ग्रुपने कसा काढायचा

किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्यापर्यंत सायकलवर जायचं ठरवत असाल तर गुहागर-रत्नागिरी या दिवसाची तयारी वेगळी करा. अंतर 80-85 किमीच्या आसपास, मॅपवर समुद्र शेजारीच दिसतो, त्यामुळे नवीन लोकांना वाटतं आजचा दिवस सोपा. तसं अजिबात नाही. रस्ता पुळणीपाशी किंवा खाडीपाशी उतरतो, की लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर चढतो, परत उतरतो, परत चढतो, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ सगळीकडे हेच. वाईवरून पसरणीने पाचगणी चढताना 600 मीटरच्या आत उंची चढावी लागते, पण तो एकच चढ असतो आणि तासाभरात अंगाला लय सापडते. इथे एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच, पण दिवसभरात बेरीज हजाराच्या वर सहज जाते आणि लय काही बसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे सकाळी जोर लावू नका. गुहागरहून निघताना पाय ताजे असतात, हवा गार असते, कोणीतरी एक जण सुटतो आणि त्याच्या मागे सगळे सुटतात. पहिले दोन-तीन चढ मुद्दाम हळू घ्या, इतके हळू की बाजूच्याशी बोलता आलं पाहिजे.

गिअरचं सांगतो. मागच्या गिअरची सगळ्यात मोठी चकती 32 किंवा 34 दातांची असेल तर हा दिवस सुसह्य होतो, 28 वर खूप ओढाताण होते. उतार संपून चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका, कारण इथे वळण घेतलं की चढ एकदम अंगावर येतो, आणि पूर्ण ताकदीने पॅडल मारताना गिअर बदलला की चेन उतरते नाहीतर तुटतेच. उभं राहून मारायचं असेल तर थोडंच, शक्यतो बसून. आणि उतरून ढकलावं लागलं तर खुशाल ढकला, त्यात कमीपणा नाही, ढकलणारा आणि हलक्या गिअरवर चढणारा वर जवळपास बरोबरच पोचतात.

आता ग्रुपचं, कारण माझ्या मते दिवस बिघडतो तो इथे. चढावर सगळ्यांनी एकत्र राहायचा हट्ट धरू नका, दुसऱ्याच्या वेगाने चढणं दोघांनाही त्रासाचं, ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं. वर पोचलात की सावली बघून थांबा. सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस ठेवा ज्याच्याकडे पंप, ट्यूब, चेन जोडायचं टूल आहे आणि ज्याने कोणाच्याही पुढे जायचं नाही. आणि ही चूक प्लीज टाळा: शेवटचा माणूस वर आला रे आला की पुढचे लगेच हेल्मेट घालून निघतात, म्हणजे पुढच्यांना वीस मिनिटं आराम आणि ज्याला खरी गरज त्याला शून्य. दुपारपर्यंत त्याचे पाय भरून येतात आणि मग सगळा ग्रुपच रखडतो. तो आला, पाणी प्यायला, काहीतरी खाल्लं, श्वास खाली बसला, पाच-सात मिनिटं झाली, मग त्यालाच विचारा निघूया का, आणि तो हो म्हणाला की निघा.

डिसेंबर-जानेवारीत सुद्धा अकरानंतर सडा तापतो. उघडा जांभा, सुकलेलं गवत, झाड क्वचित. साडेसहाला लाईट लावून निघालात तर गुहागर ते तवसाळचा भाग ऊन चढायच्या आत होतो. तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यातली एक बाटली मीठ-साखर-लिंबाची किंवा ओआरएसची. भूक लागायची वाट न बघता पाऊण तासाने केळं, खजूर, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी पोटात जाऊ द्या. पाणी मात्र गावातच भरून घ्या, वर सड्यावर दुकान मिळेलच असं नाही.

तवसाळहून जयगडला फेरीबोट आहे, शास्त्री नदीची खाडी ओलांडायला. बॅकअप गाडी असेल तर ती पण याच बोटीत चढवा, रस्त्याने तिला मोठा वळसा पडतो. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. रॅम्प लोखंडी आणि ओला असतो, तिथे सायकल हातात धरूनच चाला. बोटीत बसून पाय गार पडतात आणि जयगडला उतरल्या उतरल्या चढ आहे, त्यामुळे सगळ्यात हलका गिअर आधीच टाकून ठेवा. बंदरामुळे या पट्ट्यात मोठे ट्रक असतात, गप्पा बंद, एका रांगेत.

उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत सोडत या, सतत दाबून धरलेत तर रिम तापते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. गावाजवळच्या वळणांवर वाळू, लाल खडी, गुरं आणि समोरून एसटी, हे सगळं एकदम येऊ शकतं, त्यामुळे दोन सायकलींमध्ये भरपूर अंतर ठेवा.

मालगुंडवरून गणपतीपुळ्याला जेवा पण पोटाला तड लागेपर्यंत नको, उकडीचे मोदक दोनच, कारण पुढे आरे-वारेचा चढ बाकी आहे. तिथे वरून दोन्ही किनारे एकदम दिसतात आणि प्रत्येकाला फोटो हवाच असतो, घ्या पण सायकली रस्त्यावरून पूर्ण खाली उतरवून, शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी असते.

रत्नागिरीत पोचलात की अंघोळीच्या आधी दहा मिनिटं सायकलला द्या. चेनवरची वाळू आणि खारं पाणी पुसून तेल, ब्रेक पॅड किती उरलेत ते बघणं, टायरमध्ये खडा रुतलाय का ते चाचपणं. पॅड झिजले असतील तर रत्नागिरीतच बदला, पावस-पूर्णगडकडे निघाल्यावर सायकलचं दुकान सहज सापडणार नाही.