उपनगराचा इतिहास कसा लिहावा : वांद्र्याच्या निमित्ताने

गृहनिर्माण संस्थेचा सुवर्णमहोत्सव, शाळेची शताब्दी किंवा गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, यांपैकी काहीही निघाले की ‘आपल्या भागाचा इतिहास’ या विषयावर चार पाने लिहून देण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडते. ज्याच्या गळ्यात पडते तो बहुधा मुंबईच्या सात बेटांपासून सुरुवात करतो, पोर्तुगिजांनी आंदण दिलेल्या बेटाची गोष्ट सांगतो आणि शेवटच्या परिच्छेदात आपल्या भागाचे नाव घालून मोकळा होतो. वांद्र्याच्या बाबतीत ही सुरुवातच चुकते, कारण वांद्रे त्या सात बेटांत कधीच नव्हते. माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टी बेटाच्या दक्षिण टोकावर वसलेले ते निराळे गाव होते. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली तरी ते पोर्तुगिजांकडेच राहिले, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आले आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतल्यावर त्यांच्या अमलाखाली गेले.

म्हणून लेखणी उचलण्याआधी आपला भाग कोणत्या काळी कोणाच्या कारभारात होता, याची सनावळी एका कागदावर उतरवून घ्यावी. वांद्र्याला १८७६ मध्ये स्वतःची नगरपालिका मिळाली. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबईत आले. १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. आणि आजचा उपनगर जिल्हा १९९० चा आहे. ही यादी रूक्ष वाटली तरी कोणते दप्तर कुठे शोधायचे हे तिच्यावरूनच ठरते. नवखा माणूस वांद्र्याची माहिती १९०९-१० च्या मुंबई शहर व बेटाच्या गॅझेटियरमध्ये शोधत बसतो आणि निराश होतो. ती माहिती १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरच्या खंडांत, विशेषतः स्थळांची वर्णने असलेल्या खंडात पाहावी. गावात काय पिकत होते, कोणत्या जातीजमातीचे लोक राहत होते आणि कोणते धंदे चालत होते, हे तिथे कारकुनी कोरडेपणाने नोंदलेले आहे. तो कोरडेपणा आपल्या पथ्यावरच पडतो.

सनावळी झाली की कारणांकडे वळावे. खाडीकाठचे हे गाव इतके का वाढले, याची उत्तरे मला प्रामुख्याने तीन दिसतात : पूल, आगगाडी आणि प्लेग. माहीमची खाडी ओलांडायला पूर्वी होडीशिवाय गत्यंतर नव्हते. सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला. त्यानंतर सुमारे वीस वर्षांत बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे आली. विरार ते बॅकबे ही लोकल १८६७ ची, वांद्रे स्थानकाची आजची देखणी इमारत १८८८ ची, तर १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या. मधल्या काळात, १८९६ मध्ये, मुंबईत गाठीचा प्लेग आला आणि ज्यांना परवडले त्यांनी मांडवी-गिरगावच्या दाट वस्तीतून मोकळ्या हवेकडे धाव घेतली. १९१५ च्या नगररचना कायद्यानंतर आखलेले भूखंड पडले आणि सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहू लागल्या. आपल्या उपनगराची कारणे निराळी असतील. ती कुर्ल्यासारखी गिरणी असेल किंवा मुलुंडसारखी आखीव वसाहत असेल. पण कारणांआधी थोर व्यक्तींची यादी देणारा लेख मला नेहमीच उलटा बांधलेला वाटतो.

यानंतर पायी फिरावे, आणि तेही मुख्य रस्ता सोडून. वांद्र्यात रणवार, पाली, शेर्ली, राजन आणि चिंबई ही गावठाणे अजून ओळखू येतात. नगररचनेतला रस्ता सरळ जातो. गावठाणाची वाट मात्र विहिरीला, घराच्या ओट्याला किंवा क्रुसाला वळसा घालते. जिथे रस्ता विनाकारण अरुंद होऊन वळतो, तिथे जुन्या गावाची हद्द सुरू झाली असे धरून पुढे तपास करावा. घराला बाहेरून चढणारा लाकडी जिना, रस्त्याकडे उघडणारा सज्जा आणि मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर दिसले की त्या घराची नोंद घ्यावी, कारण पुढल्या खेपेला ते तिथे असेलच असे नाही.

या वाटांवरचे क्रूस थांबून पाहण्यासारखे आहेत. यांतले बरेच प्लेगच्या वर्षांत, रोगराईपासून रक्षण व्हावे म्हणून घरमालकांनी किंवा आळीने मिळून उभारले. चौथऱ्यावर पुष्कळदा सन आणि बांधणाऱ्या कुटुंबाचे नाव कोरलेले असते; पण वर्षानुवर्षे बसलेल्या चुन्याच्या आणि ऑइलपेंटच्या थरांखाली ती अक्षरे बुजतात. अशा वेळी खरवडण्याच्या किंवा पाणी ओतून घासण्याच्या फंदात पडू नये. सकाळचे तिरपे ऊन असताना बाजूने छायाचित्र घ्यावे. सावलीमुळे अक्षरांच्या कडा उठून येतात आणि भर दुपारी न दिसलेला आकडा वाचता येतो. छायाचित्रे घेण्याआधी समोरच्या घरी विचारावे, हे सांगायला नको. मात्र क्रुसावरचा सन हा वस्तीचा सन समजू नये. संत आंद्रे चर्च १५७५ चे आहे, म्हणजे क्रुसांपेक्षा तीन शतकांनी जुने. आणि मोत माऊलीचे देऊळ (माउंट मेरी चर्च) जुने असले तरी आजची इमारत १९०४ ची आहे. स्थळ, वास्तू आणि मूर्ती यांची वये वेगवेगळी असू शकतात. तिन्ही एकत्र करून ‘चारशे वर्षांचे’ असे ठोकून देणे हा स्मरणिकांचा आवडता दोष आहे.

जमिनीवर पाहिलेले कागदावर ताडून पाहायचे असेल, तर नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेइतके उपयुक्त साधन नाही. तिच्यात भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारणाधिकार आणि मूळ धारकाचे नाव असते. खाली फेरफारांच्या नोंदी तारखांसह येतात. एकाच आळीतल्या दहाबारा पत्रिका शेजारी ठेवल्या की भातशेती कोणाची होती, ती कोणाला विकली गेली, वारसांत तिचे किती तुकडे झाले आणि संस्थेच्या नावावर ती कधी चढली, हे उलगडते. जिवंत माणसांचे मालकी तपशील मात्र लेखात छापू नयेत. कल समजला तरी आपले काम झाले.

वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘जुन्या आठवणी सांगा’ असे म्हणू नये. तसे म्हटले की ‘तेव्हा किती शांतता होती’ एवढेच हाती लागते. पिण्याचे पाणी कुठून आणत होता, घरात नळ कधी आला, मासळीबाजार कुठे भरत होता, भाडे कोणाकडे नेऊन देत होता, असे नेमके विचारावे. वांद्र्यात विहिरीचा प्रश्न तर अवश्य विचारावा, कारण ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, लग्नातला उंबराच्या पाण्याचा विधी विहिरीशी बांधलेला आहे आणि त्या निमित्ताने बुजवलेल्या विहिरींचाही पत्ता लागतो. हा समाज घरात मराठीचीच एक बोली बोलतो, तरीही मराठी स्मरणिकांत त्याची बोळवण त्याच्या प्रसिद्ध ‘बाटली मसाल्या’वरच्या एका ओळीवर होते, याचे मला आश्चर्य वाटते.

रुळांची दुसरी बाजू विसरली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. वांद्रे म्हटले की टेकडी, बँडस्टँड आणि १६४० चा पोर्तुगीज किल्ला एवढेच लिहिले जाते. पण कत्तलखाना, पुढे देवनारला गेला तरी, दीर्घकाळ वांद्र्यात होता आणि त्याच्या आधाराने चामड्याचा धंदा चालला. पूर्वेला खेरवाडी आहे, सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे आणि मराठी लेखकांनी सहकारातून उभारलेला साहित्य सहवासही आहे. मिठी नदीकाठच्या खाजणावर वांद्रे-कुर्ला संकुलाचे काम १९७७ मध्ये एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे सोपवले गेले, आणि आज रोज सकाळी स्थानकाबाहेर शेअर रिक्षासाठी लागणारी रांग ही त्याचीच परिणती आहे. पश्चिमेला दोन पाने दिली असतील, तर पूर्वेलाही दोन द्यावीत.

मजकूर तयार झाला की प्रत्येक सनापुढे तो कोठून घेतला हे आपल्या प्रतीत पेन्सिलीने लिहावे. जिथे केवळ ‘असे म्हणतात’ एवढाच आधार असेल, तिथे छापील मजकुरातही तसेच म्हणावे. मुलाखतींच्या ध्वनिफिती, क्रुसांची आणि घरांची छायाचित्रे आणि ही पेन्सिलीची प्रत असा एक संच विभागातल्या ग्रंथालयात जमा करावा, आणि त्याची पोच लेखी घ्यावी.