बिऱ्हाड हलतं तेव्हा मुलांची दुखणी कशी सांभाळावी

घर बदललं की डॉक्टर बदलतो, मेडिकलवाला बदलतो, शेजारीण बदलते. धाकट्याला दोन वर्षांपूर्वी कुठल्या औषधाने अंगभर पुरळ उठलं होतं, हे माहीत असलेलं माणूस एकच उरतं, आणि ते नेमकं त्या वेळी भांड्यांची पोती सोडत बसलेलं असतं.

माझा नवरा पाटबंधारे खात्यात. सोळा वर्षांत कोयनानगर, कराड, जत, सांगली आणि आता सातारा अशी आमची पाच बिऱ्हाडं झाली. एका जागी साधारण ३ वर्षं, असं २००५ चा बदल्यांचा कायदा सांगतो. आमचं जतचं बिऱ्हाड चौदा महिन्यांत उठलं, तेही पोराला गोवरासारखं काहीतरी उठलेलं असताना. त्यातून जे शिकले ते क्रमाने लिहिते.

आधी एक वही करा

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. शंभरपानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलात लिहू नका. कोयनेत पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्ही एकदमच जातात.

पहिल्या पानावर प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि लाल शाईने ‘हे औषध चालत नाही’. दुसऱ्या पानावर वजन, दर तीन महिन्यांनी. वाण्याच्या काट्यावर केलं तरी चालेल, पण करा. मुलांचं बहुतेक औषध वजनावर ठरतं, वयावर नाही. पुढच्या पानांवर दुखणी: तारीख, वेळ, थर्मामीटरचा आकडा, कुठलं औषध, किती, त्याने काय झालं. ‘ताप होता, औषध दिलं’ ही नोंद कामाची नाही. ‘१४ जुलै, रात्री २, १०२.४, पॅरासिटामॉल १२५ चं ५ मिली, साडेतीनला १००’ ही कामाची.

बाटलीवरचा आकडा लिहायची सवय मला एका चुकीने लागली. कराडला आमच्याकडे जे तापाचं औषध होतं त्यात ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. जतला नवी बाटली घेतली, रंग तोच, वास तोच, मी नेहमीचं माप दिलं. दुसऱ्यांदा देताना आकडा दिसला: ५ मिलीमध्ये २५०. म्हणजे पोराच्या पोटात दुप्पट गेलं होतं. डॉक्टरांनी पुढची वेळ टाळायला आणि लक्ष ठेवायला सांगितलं, काही झालं नाही. पण ती रात्र मी त्याच्या छातीवर हात ठेवून काढली.

म्हणून हिशेब पाठ करा. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १०० ते १५०. दोन वेळांत किमान ४ तास, शक्यतो ६, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. तान्ह्यांच्या थेंबांत तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, तेव्हा थेंब आणि सिरप यांची मापं एकमेकांच्या जागी वापरू नका. मापाला बाटलीसोबतची टोपी किंवा सुईविना सिरिंज घ्या. घरातले चमचे प्रत्येक सासरी वेगळे.

बदलीचा हुकूम आल्यावर

हुकूम बहुधा एप्रिल-मेमध्ये येतो आणि सगळं घर शाळेच्या दाखल्यामागे आणि टेम्पोवाल्यामागे लागतं. त्या गडबडीत एक दिवस दवाखान्यासाठी काढा. जुन्या डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचं पत्र मागा: मुलाला आजवर काय झालं, दम्याचा पंप चालू असेल तर कुठला, कुठलं औषध लागू पडत नाही. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण नव्या गावातल्या डॉक्टरला ते पत्र जेवढं सांगतं, तेवढं रडकुंडीला आलेली आई दारात उभी राहून सांगू शकत नाही. कायम चालू असलेली औषधं महिनाभराची बरोबर घ्या. नव्या गावात तोच ब्रँड मिळेलच असं नाही, म्हणून औषधाचं मूळ नाव वहीत उतरवा.

लसीचं कार्ड, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड, सामानात टाकू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा. गाव बदललं म्हणून लस चुकवायचं कारण नाही. कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. एखादा डोस राहिलाच तर सगळं पहिल्यापासून मोजावं लागत नाही, राहिलेला घ्यायचा. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा, ५-६ वर्षांना डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. बदलीत बुडतात ते बहुतेक हेच, कारण तोवर बाळ ‘मोठं’ झालेलं असतं. कराडला आमच्या मागच्या माळावर ऊसतोडीच्या खोपी पडायच्या. आमची बदली तीन वर्षांनी, त्या बायांची दरसाल. त्यातल्या एकीने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बाळाचं कार्ड कोयत्याच्या दोरीला बांधलं होतं. मी माझं तोवर कपाटात शोधत असायचे.

सामान निघायच्या दिवशी

मांडीवरची पिशवी वेगळी. वही, कार्ड, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसच्या चार पुड्या, उकळलेलं पाणी, उलटीसाठी पिशव्या, एक जोड कपडे, मुलाची रोजची गोधडी. ही पिशवी टेम्पोत चढवायची नाही, कुणी कितीही मदतीला आलं तरी.

नव्या गावातला पहिला आठवडा

पहिल्या संध्याकाळी फक्त दोन गोष्टी लावा: गॅस आणि मुलांची अंथरुणं. जुनीच चादर घाला, धुतलेली नसली तरी.

दुसऱ्या दिवशी पाणी. नळ कधी येतो, बोअरचं आहे की टँकरचं, हे विचारा. पहिले पंधरा दिवस प्यायचं पाणी खळाखळा उकळी फुटेपर्यंत तापवून घ्या. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. जतसारख्या गावात पाणी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून बॅरल आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायचं. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. पाणी फेकायला जीव होत नाही तिथे. ते झाडांना, भांड्यांना वापरा आणि बॅरलला कापड घट्ट बांधा. कोयनेकडे उलटी तऱ्हा. तिथे कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते आणि दम्याची मुलं जूनपासूनच खोकायला लागतात. पलंग भिंतीपासून वीतभर लांब सरकवा.

तिसऱ्या दिवशी दवाखाना, मूल धडधाकट असताना. मी तीन माणसांना विचारते: अंगणवाडी सेविका, मेडिकलवाला आणि लहान मूल असलेली शेजारीण. प्रश्न एकच, ‘रात्री दोनला तुम्ही कुठे जाता?’ तिघांचं उत्तर जुळलं तर तोच दवाखाना. मग दिवसाढवळ्या एकदा गाडीवरून तिथवर जाऊन यायचं. मोठं काही निघालं तर कुठे, तेही आधीच ठरवा. सांगलीच्या अंगाला लोक मिरजेकडे धावतात, डॉ. वॉन्लेस यांनी तिथे १८९४ साली दवाखाना उघडला तेव्हापासून त्या गावाला दवाखान्यांची सवय आहे. पण जतहून मिरज म्हणजे दोन तास धरा, आणि त्या दोन तासांसाठी १०८ हा नंबर दारामागे मोठ्या अक्षरात चिकटवा.

ताप आला तर

आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. १०२ ताप असून खेळणारं मूल आणि १०० ला मान टाकून पडलेलं मूल, यातलं दुसरं आधी दाखवायचं. अंगावरचे कपडे कमी करा, पाणी पाजत राहा, कोमट पाण्याने पुसा. बर्फ नको, अल्कोहोल नको, मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच नको. डेंग्यूचा संशय असेल तर आयब्युप्रोफेनही नको. डेंग्यूत ताप उतरल्यावरच जास्त जपायचं. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसलं की थांबू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्यावर ताप असेल तर घरी काहीही करू नका, सरळ दवाखाना.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवायला कुणीतरी धावतंच. त्यांना पाणी आणायला पाठवा. झटका पाच मिनिटांवर गेला तर लगेच दवाखाना, आणि पाच मिनिटांच्या आत थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

जुलाब आणि खोकला

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, लहान पुडी २०० मिलीत. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. अर्धी पुडी पेल्यात असला अंदाजपंचे कारभार नको, क्षाराचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्याचमच्याने. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत डॉक्टर झिंक देतात: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून झिंक तिसऱ्या दिवशी बंद करणाऱ्या आयांत मी होते. भाताची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी, ताक, अंगावरचं दूध, काही बंद करायचं नाही. सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना आसवं नाहीत, तर उठा.

खोकल्यात आवाजाला घाबरू नका, श्वास मोजा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. २ महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर ते न्यूमोनियाचं लक्षण धरायचं आणि त्याच वेळी निघायचं. खोकल्याची सिरपं मेडिकलवाल्याला विचारून आणू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ती देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२५ मध्ये बजावलं आहे. वर्षाच्या आत मधही नाही, मग आजी काहीही म्हणो.

पूर आला तर

सांगलीकरांना ही एक बिनहुकमाची बदली असते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. वही आणि कार्ड झिपच्या पिशवीत, माळ्यावर नको, दाराशी खुंटीला. पाणी ओसरल्यावर पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात सोडू नका. आणि त्यानंतर ताप येऊन पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पुराचा चिखल तुडवल्याचं आठवणीने सांगा. तो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो, आणि चिखलाचं सांगितलं नाही तर चार दिवस साध्या तापाचं औषध चालतं.

सोमवारचं पोटदुखणं

नवी शाळा सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे येतं. सकाळी साडेनऊला पोट दुखतं, अकराला थांबतं. ‘नाटकं करू नको’ म्हणायचा मोह होतो. पण पोट खरंच दुखत असतं. कारण पोटात नसतं एवढंच. माझ्या थोरलीचं सांगलीत सहा आठवडे दुखलं. वहीत वेळा लिहिल्या तेव्हा दिसलं की रविवारी कधीच दुखत नाही आणि गुरुवारी हटकून दुखतं. गुरुवारी पीटीचा तास होता आणि तिच्या जोडीला उभं राहायला कुणी नव्हतं. बाईंना सांगितलं, त्यांनी जोड्या बदलल्या. औषध लागलं नाही. मात्र रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उजवीकडे बेंबीखाली दुखणं, वजन घटणं, सोबत ताप किंवा उलटी, हे शाळेचं नव्हे, तिथे वही मिटून डॉक्टर गाठायचा.

आई आडवी पडली तर

वहीचं शेवटचं पान स्वतःसाठी ठेवा. ते माझं दहा वर्षं कोरं होतं. जतला मला टायफॉइड झाला तेव्हा नवऱ्याला पोराच्या पंपाची नळी कुठे असते हे माहीत नव्हतं, आणि दूधवाल्याचा नंबर कुणालाच. आता त्या पानावर आहे: कुणाला कुठलं औषध कधी, शाळेची रिक्षा, खिचडीचं प्रमाण, चावी कुणाकडे, आणि माझं हिमोग्लोबिन. ते १२ च्या खाली असलं की बाईला रक्त कमी आहे असं धरतात. माझं ९ होतं आणि मी त्याला बदलीचा शीण म्हणत होते. अंगावर पाजणाऱ्या आईने साध्या तापात पाजणं थांबवायचं नसतं. ती स्वतः काय औषध घेते आहे ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.

वहीचे आता तीन भाग झालेत. थोरली गेल्या वर्षी पुण्याला हॉस्टेलवर गेली, तिचा भाग तिला दिला, तिने तो सुटकेसच्या तळाशी टाकला. पावसाळ्यात एकदा सकाळी तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. ‘आई, सहाला १०१ होता, सव्वासहाला गोळी घेतली, साडेसातला ९९. पोटऱ्या दुखत नाहीयेत.’

मी विचारलं, ‘लघवीला गेलीस का?’

‘दोनदा,’ ती म्हणाली. ‘लिहिलंय.’