सुपरकारच्या आकड्यांवरून वाद घालताना या चुका टाळा

टेस्ला मॉडेल एस प्लेडचा शून्यापासून ताशी ६० मैल (झिरो टू सिक्स्टी) गाठण्याचा १.९९ सेकंदांचा आकडा कुणी काढला की आमच्या गटात रात्र जागते. फेरारीवाले एक चाचणी दाखवतात, पोर्शेवाले दुसरी. सगळ्यांचा अभ्यास दांडगा आणि गाड्यांवरचा जीवही खरा. तरी वाद मिटत नाही, कारण प्रत्येकाचा आकडा वेगळ्या फूटपट्टीनं मोजलेला असतो आणि फूटपट्टी कुणी विचारतच नाही.

घड्याळ कधी सुरू झालं हे न विचारणं

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, सुरुवातीच्या रेषेला एक प्रकाशकिरण असतो. गाडीचं पुढचं चाक त्या किरणात उभं असतं आणि ते किरणाबाहेर सरकलं की घड्याळ सुरू होतं. तोवर गाडी साधारण फूटभर पुढे गेलेली असते. अमेरिकेतल्या मासिकांनी हीच पद्धत झिरो टू सिक्स्टीला लावली, म्हणजे पहिल्या फुटाला लागलेला वेळ हिशोबातच धरायचा नाही. याला ‘रोलआउट’ म्हणतात.

एका फुटानं काय बिघडतं? कागदावर मांडून बघा. गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्या, म्हणजे एक जी त्वरणानं सुटली तर पहिला फूट पार करायला तिला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि त्या क्षणी तिचा वेग ताशी ८ ते ९ किलोमीटर झालेला असतो. घड्याळ तिथून पुढे. दहा सेकंदांच्या हॅचबॅकला हा फरक जाणवणारही नाही. पण दोन सेकंदांच्या गाडीत पाव सेकंद म्हणजे आठवा हिस्सा! टेस्लाचा १.९९ हा रोलआउट वजा केलेलाच आकडा आहे. २०२१ मध्ये मोटर ट्रेंड मासिकाला प्लेडनं १.९८ दिले, तेही ड्रॅग स्ट्रिपच्या खास चिकट केलेल्या पृष्ठभागावर. साध्या डांबरावर त्याच गाडीला २.०७ लागले. त्यामुळे शेजारी ठेवलेला दुसरा आकडा गाडी जागची हलल्यापासून मोजलेला असेल, तर तुलना तिथंच संपते.

आणखी एक खबरदारी. ताशी ६० मैल म्हणजे ९६.५६ किलोमीटर, शंभर नव्हे. वरचे साडेतीन किलोमीटर गाठायला चांगल्या सुपरकारलाही दशांश सेकंद लागतोच.

न्यूरबर्गरिंगच्या वेळा सरळ एकाखाली एक लिहिणं

न्यूरबर्गरिंग हा जर्मनीतला ट्रॅक; त्याची एक पूर्ण फेरी, म्हणजे लॅप, किती वेळात मारली यावर गाड्या तोलल्या जातात. २००८ सालचा निसान जीटी-आर आणि पोर्शेचा वाद ज्यांनी तेव्हा वाचला, ते तो विसरलेले नाहीत. निसाननं ७ मिनिटं २९ सेकंदांचा लॅप जाहीर केला. पोर्शेला तो पटला नाही. त्यांनी अमेरिकेतून एक जीटी-आर विकत घेतली, आपल्या चालकाकरवी पळवली आणि ७ मिनिटं ५४ सेकंद लागल्याचं सांगितलं. त्यांची स्वतःची ९११ टर्बो ७:३८ मध्ये आली होती. निसानचं उत्तर होतं की टायर कंपनीतून येतात तेच होते आणि पोर्शेच्या चालकाला त्या गाडीचा सराव नव्हता. पंचवीस सेकंदांची तफावत, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम.

माझं मत विचाराल तर या प्रकरणातून कोण खोटं बोललं हे सिद्ध होत नाही. वीस किलोमीटरच्या, सत्तरहून जास्त वळणांच्या रस्त्यावर चालक, टायर, तापमान आणि हातातली नेमकी गाडी यांतलं काहीही बदललं की वेळ बदलते. जीटी-आर महिनोन्‌महिने चालवलेला माणूस आणि ती नुकतीच हाती घेतलेला माणूस यांच्या वेळा सारख्या येतील, ही अपेक्षाच चूक आहे. शिवाय दोन्ही लॅप प्रतिस्पर्ध्यांनीच लावलेले. तिसरा, तटस्थ माणूस कुठेच नव्हता.

लांबीचा घोळ वेगळाच. बरीच वर्षं कंपन्या २०.६ किलोमीटरचा लॅप मोजत, कारण टी-१३ या प्रेक्षक गॅलरीजवळचा सरळ तुकडा त्यात धरला जात नसे. २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ किलोमीटरची धरतात. पोर्शे ९११ जीटी२ आरएस एमआरनं एकाच धावेत दोन्ही वेळा दिल्या: छोट्या लांबीला ६:३८.८३५, पूर्ण लांबीला ६:४३.३००. तीच गाडी, तोच चालक, तोच लॅप, आणि फरक जवळपास साडेचार सेकंदांचा. आता लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर एसव्हीजेची २०१८ ची ६:४४.९७ ही वेळ घ्या. ती छोट्या लांबीची आहे. ती मर्सिडीज-एएमजी वनच्या २०२२ च्या ६:३५.१८३ शेजारी ठेवली की मर्सिडीज सुमारे दहा सेकंदांनी पुढे दिसते. पण मर्सिडीजची वेळ पूर्ण लांबीची आहे, म्हणजे खरा फरक आणखी मोठा. यादी करताना प्रत्येक वेळेपुढे लांबी, साल आणि टायर लिहा. अर्धी भांडणं तिथंच संपतात.

एकाच आकड्यावर विजेता ठरवणं

पोर्शे ९१८, मॅकलॅरन पी१ आणि लाफेरारी या तिघांबद्दल २०१३ पासून बोललं जातंय. चारही चाकांना ताकद मिळत असल्यामुळे ९१८ सुटताना पुढे असते. कंपन्यांच्याच आकड्यांनुसार शंभरला ९१८ ला २.६ सेकंद लागतात आणि पी१ ला २.८. पण तीनशेपर्यंत गेलात की चित्र उलटतं: लाफेरारी १५ सेकंद, पी१ १६.५, आणि ९१८ ला सुमारे वीस. न्यूरबर्गरिंगवर पोर्शेनं ६:५७ अशी नेमकी वेळ दिली. मॅकलॅरननं तेव्हा ‘सात मिनिटांच्या आत’ एवढंच सांगितलं. त्यावरून मॅकलॅरन हरली असं म्हणणं चूक, आणि जिंकली असं म्हणणंही चूक.

टॉप स्पीड एकाच दिशेचा की दोन्ही दिशांचा, हे न बघणं

वारा पाठीशी असेल तर गाडी जास्त पळते. म्हणूनच रेकॉर्ड दोन्ही दिशांची सरासरी काढून ठरवायचा असतो. केनिगसेग अगेरा आरएसनं नोव्हेंबर २०१७ मध्ये नेव्हाडातल्या पारंपजवळच्या रस्त्यावर ताशी ४४७.१९ किलोमीटर दिले, ती दोन दिशांची सरासरी आहे. बुगाटी शिरॉननं २०१९ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियन या चाचणी ट्रॅकवर गाठलेले ४९०.४८४ एका दिशेचे आहेत, तेही खास तयार केलेल्या गाडीनं. गिऱ्हाइकांना मिळालेल्या सुपर स्पोर्ट ३००+ चा वेग ४४० वर बांधलेला होता. वेरॉन सुपर स्पोर्टच्या ४३१ च्या रेकॉर्डवर २०१३ मध्ये गिनेसनं याच मुद्द्यावरून आक्षेप घेऊन तो काढून घेतला, कारण ती गिऱ्हाइकाला ४१५ वर बांधून मिळत होती. नंतर रेकॉर्ड परत दिला, कारण वेग बांधल्यानं गाडीची मूळ रचना बदलत नाही. मला मात्र गिनेसचा पहिला निर्णयच जास्त रास्त वाटतो.

व्हिडिओ दिसला की विश्वास ठेवणं

ऑक्टोबर २०२० मध्ये एसएससी तुआतारा या अमेरिकी गाडीनं त्याच पारंपच्या रस्त्यावर ५०८.७३ ची सरासरी गाठल्याचं जाहीर झालं. सोबत व्हिडिओ होता, पडद्यावर वेगाचे आकडे पळत होते. लोकांनी त्या आकड्यांकडे न बघता रस्त्याकडे बघितलं. नकाशावर सापडणाऱ्या दोन खुणा निवडल्या, त्यांच्यातलं अंतर मोजलं आणि तिथं पोचायला लागलेला वेळ व्हिडिओतून काढला. हिशोब जुळेना.

हे घरबसल्या जमतं. ५०८.७३ च्या वेगानं एक किलोमीटर ७.०८ सेकंदांत संपतो. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर २१२ फ्रेम. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरला पुन्हा धाव झाली, तेव्हा सरासरी निघाली ४५५.३. त्या वेगाला तोच किलोमीटर पार करायला २३७ फ्रेम लागतात. पंचवीस फ्रेमचा फरक मोबाइलवर एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजता येतो. त्याच वर्षी जुलैत कंपनीनं आधीचा वेग गाठला नसल्याचं मान्य केलं.

स्वतः मोजताना

मोबाइलचा जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो. झिरो टू हंड्रेडसाठी ते फारच विरळ आहे. निदान सेकंदाला दहा नोंदी घेणारं यंत्र वापरा. रस्त्याचा उतारही बघा. दहा सेकंदांत शंभर गाठणारी गाडी फक्त एक टक्का उतारावर पळवली तर सुमारे एक तृतीयांश सेकंद फुकट मिळतो, आणि एवढा उतार डोळ्यांना कळतही नाही. म्हणून दोन्ही दिशांना धावा आणि सरासरी घ्या. हे सगळं बंद ट्रॅकवरच. एक्सप्रेसवेवर नको, पहाटे रस्ता मोकळा दिसला तरी नको.